पांढरी सोडलेली जागा

"हे कलकत्ता, असं म्हणतात."

भिंतीवरच्या हिंदुस्थानच्या नकाशावर छडीचं टोक टेकवून सर असं म्हणायचे आणि वर्ग हसायचा. मुंबईवर छडी आली की 'असं म्हणतात' गळून पडायचं, कारण मुंबईला ते जाऊन आले होते. पुणं, सातारा, सांगली, कराड ही तर त्यांच्या पायाखालची. पण दिल्ली, मद्रास, गंगा, हिमालय या सगळ्यांना ते न चुकता 'असं म्हणतात' लावायचे. हिमालयाबद्दल तर इतक्या अदबीनं बोलायचे, की जणू कधी न भेटलेल्या थोर सोयऱ्याचं नाव घेतायत.

एकदा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, मग औरंगजेब तुमी बगितलाय का?"

"नाही बाबा."

"मग त्याचं कसं काय शिकवताय?"

"म्हणून तर हळू आवाजात शिकवतो," सर म्हणाले आणि पुढं शिकवू लागले. स्वतः हसले नाहीत. ते फारसे हसत नसत.

ते आम्हाला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. कागदावर तीन विषय, पण त्यांच्या हातात आले की त्यांचा एकच व्हायचा. कुणी उभं राहून घडाघडा उत्तर दिलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "पाहिलंस, का ऐकलंस?" ऐकलं म्हटलं, की "कुणाकडून?" पुस्तकातून म्हटलं, की "पुस्तकाला कुणी सांगितलं?" हुशार पोरं रडकुंडीला यायची. परीक्षेत 'मला माहीत नाही' असं सरळ लिहिलं तर शून्य मिळायचं, पण त्या शून्याशेजारी लाल शाईनं 'हे खरं आहे' असं लिहिलेलं असायचं. थापा मारून पान भरणाऱ्याला नुसतंच शून्य.

आमचं गाव कृष्णाकाठचं, कराडपासून एसटीनं तासाभरावर. हायस्कूल नवं होतं. संस्था मोठी, तिच्या शाखा जिल्ह्याबाहेरही होत्या, पण गावात शब्द चालायचा तो शाळा समितीच्या अध्यक्षांचा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ऊस, नदीकाठची मळईची जमीन, दोन मुलगे पलटणीत, धाकटा आमच्याच वर्गात. शाळेची इमारत त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली होती, हे मी आजही मान्य करते. ते नसते तर मी शिकले नसते. हेही खरं आहे.

मी गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतली. मी लहान असतानाच आम्ही बौद्ध झालो होतो. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. वस्तीच्या तोंडाशी त्यांनी स्वतःच्या हातानं नवं नाव लिहिलेली पाटी लावली होती. गाव ती पाटी वाचायचं आणि जुन्याच नावानं हाक मारायचं.

सर मूळचे औंधाकडचे. संस्थान होतं तेव्हा त्यांचे वडील मोजणी खात्यात होते. खात्यात म्हणजे साहेब नव्हे. साहेब दुर्बिणीतून बघणार आणि सरांचे वडील काट्याकुट्यातून लोखंडी साखळी ओढत नेणार. ती साखळी सरांकडं होती. संस्थान गेलं, वडील गेले, साखळी उरली. भूगोलाच्या तासाला ती खांद्यावर टाकून ते यायचे, तेव्हा कड्यांचा आवाज वर्गाच्या आधी व्हरांड्यात यायचा.

"माझ्या बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं," सर सांगायचे. "पण पावसाळ्यात मोजणी झाली, ओढ्याला पाणी होतं, पलीकडं जाता आलं नाही, तर तो साहेबाला सांगायचा, ओढ्यापलीकडं कागद कोरा सोडा. साहेब म्हणायचा, अंदाजानं टाकू. बाप म्हणायचा, मी गेलो नाही, साखळी गेली नाही, मग रेघ कशी जाईल?"

त्यांचं सगळं शिकवणं या एका गोष्टीतून आलेलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटायचं, माणूस जरा चक्रम आहे. सरांची जात आम्हाला शेवटपर्यंत नक्की कळली नाही. गावाला कळली असणार, नाहीतर अण्णांनी आपल्या घरामागची खोली त्यांना दिली नसती.

त्या खोलीत सर आणि त्यांची आई. लग्न केलेलं नव्हतं किंवा झालेलं मोडलं होतं, दोन्ही ऐकायला मिळायचं. पाहिलेलं कुणी नव्हतं. आईचे डोळे गेलेले होते. खोलीत आल्यावर कितीतरी महिने म्हातारी भिंतीला धरून धरून फिरली. कुठं चूल, कुठं माठ, कुठं पायरी, हे सगळं तिनं हातानं पाठ केलं. याआधी सरांच्या दोन शाळा बदलून झाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी तिला पहिल्यापासून सुरू करावं लागलं होतं. शेवटच्या वेळी ती चुलीवर पडली होती. तिच्या उजव्या हातावर त्याची खूण होती. "आता इथून हलणं नाही," सर हेडमास्तरांना म्हणाले होते. "आईला आता घर सापडायला लागलंय." त्यांची नेमणूक अजून कायम झालेली नव्हती. त्या वर्षी व्हायची होती, आणि सही लागायची ती अण्णांची.

त्या खोलीच्या ओट्यापर्यंत मी पुष्कळदा गेले आहे. वर्गातल्या वह्या किंवा नकाशांची गुंडाळी पोचवायला. पहिल्यांदा गेले तेव्हा अण्णांच्या घरातनं आवाज आला, "ए पोरी, तितंच ठेव. वर चडू नगं." सर आतच होते. ते बाहेर आले, ओट्यावरून वह्या उचलल्या, माझ्याकडं न बघता आत गेले. मग मी नेहमीच ओट्यावर ठेवायची. आतनं म्हातारी विचारायची, "कोण हाय गं ओट्यावर?" मी नाव सांगायची. "बरी हाईस का?" "बरी हाय, आजी." एवढंच आमचं बोलणं.

मी दहावीत असताना सरांनी सगळ्या वर्गाला गावाचा नकाशा काढायला लावला. खात्याचे साहेब तपासणीला येणार होते, तेव्हा दालनात टांगायला काहीतरी हवंच होतं. हेडमास्तर म्हणाले, शिवाजी महाराजांचे गड काढा. सर म्हणाले, गड पोरांनी पाहिलेले नाहीत, गाव पाहिलंय.

नियम सांगितले ते असे. नकाशा आपल्या घराच्या उंबऱ्यापासून सुरू करायचा. जिथं स्वतःच्या पायांनी गेलो तेवढंच काढायचं. जिथं गेलो नाही तिथं अंदाजानं रेघ ओढायची नाही, जागा पांढरी सोडायची. आणि पांढरी का सोडली, ते त्या जागेवर लिहायचं.

"काय लिवायचं, सर?"

"खरं असेल ते."

नकाशे आले. चांगली पोरं, मन लावून काढलेले नकाशे. देऊळ, चावडी, गावविहीर, तालीम, पेठ, घाट. आणि प्रत्येकाच्या नकाशात खालच्या अंगाला एक पांढरा तुकडा. त्यावर कुणी 'इथे मी गेलो नाही', कुणी 'इकडे काही काम पडले नाही'. अण्णांच्या धाकट्यानं तिथं काहीच लिहिलं नव्हतं. सरांनी उभं केलं.

"हे काय आहे?"

"काय न्हाई, सर. तितं गाव संपतंय."

"मग ही कुठून येते?" सरांनी माझ्याकडं बोट केलं.

तो खरोखर विचारात पडला. चेष्टा करत नव्हता. रोज माझ्यापुढं दोन बाक सोडून बसणारा तो मुलगा. मी कुठून येते हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. "खालनं," असं म्हणून तो खाली बसला.

माझ्या नकाशात उलटं होतं. वस्ती मी घर न् घर काढली होती. आबांची पाटी, विहाराची जागा, नदीकडची पायवाट, शाळेचा रस्ता, शाळा. आणि सरांच्या ओट्यापर्यंतची वाट सोडली तर गाव सगळं पांढरं. गावविहिरीशेजारी मात्र मी एक ठिपका दिला होता आणि लिहिलं होतं, 'इथे मी घागर घेऊन उभी राहते.' पुढं विहीर काढली नव्हती, कारण आतलं पाणी मी कधी बघितलेलं नव्हतं. ते कुणीतरी वरून घागरीत ओतायचं. बाकीच्या पांढऱ्यावर काय लिहावं, हे मी घरी आबांना विचारलं होतं. 'गेले नाही' लिहू का?

आबा विडी विझवून म्हणाले, "तू आळस केलास का जायाचा?"

"न्हाई."

"मग आपल्यावर कशापायी घेतीस? रिपोर्ट बराबर पायजे."

मी लिहिलं, 'जाऊ दिले नाही.'

सरांनी माझा कागद हातात घेतला. त्यांचं बोट शाळेपासून निघालं, पेठेच्या कडेनं अण्णांच्या घराकडं गेलं आणि तिथल्या पांढऱ्यावर थांबलं.

"माझी खोली?" ते म्हणाले.

"ती त्याच्यातच आहे, सर."

"ओटा काढलायस."

"ओट्यापर्यंत आले आहे, सर."

मला वाटलं, आता रागावणार. ते म्हणाले, "बरोबर आहे. बस." मग आम्ही पाहिलं त्यात पहिल्यांदाच तासाच्या मधे ते खुर्चीवर बसले. साखळी त्यांच्या खांद्यावरून घसरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. उरलेला तास आम्ही आमचं आमचं वाचत बसलो.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी नकाशे टांगायचं काम चाललं होतं. मी आणि आणखी एक मुलगी टाचण्या देत होतो. सरांनी माझा नकाशा मधोमध लावला होता, आणि त्याच्या शेजारी अण्णांच्या धाकट्याचा. तो मुद्दाम नाही लावला, असं ते म्हणाले असते; पण दोन्ही कागद कडेला कड लावून बघितले की गाव पुरं व्हायचं. दोन कागदांशिवाय पुरं होत नव्हतं.

अण्णा आले. फेटा, काठी, वहाणांचा आवाज. सगळे नकाशे त्यांनी सावकाश बघितले. पोराचा बघून मान हलवली. माझ्यापुढं थांबले. अण्णांना वाचता येत होतं.

"मास्तर, हे येवढं कागूद काडा."

"काढतो, अण्णा. त्यात चूक काय आहे ते सांगा. चूक असली तर आत्ता काढतो."

अण्णांनी परत एकदा वाचलं. "चूक न्हाई," ते म्हणाले. "म्हनून तर काडा म्हंतोय."

सरांनी नकाशाची सुटलेली टाचणी परत दाबली.

"आवं, सायेब येनार. गावाची लाज हाय का न्हाई? पोरगी आपल्याच शाळंत शिकतीया, तिला कुनी न्हाई म्हनलंय का? बाकावर बसतीया सगळ्यांबरूबर. एवडं केलं, त्येचं काय न्हाई, आन् ह्ये टांगायचं?"

"शाळा तिनं काढलीय, अण्णा. बघा ना. शाळेचा रस्ताही काढलाय. तुम्ही दिलंत ते सगळं तिनं काढलंय."

यावर अण्णा एक पाऊल जवळ आले. मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "मास्तर, म्हातारीला आता कुटं घर गावाय लागलंय. माजी बायकू सांगत हुती, आता माठातनं पानी आपलं आपुन घेत्यात. बरं वाटलं आईकून. त्येचा इचार करा. मी काय जास्त बोलत न्हाई."

धमकी म्हणावी तर ती धमकीसारखी ऐकू आली नाही. ते खरोखरच म्हातारीची काळजी करत होते, असं मला अजूनही वाटतं. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

मी म्हणाले, "सर, काढा. मी दुसरा काढते."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "काय काढशील दुसऱ्यात?"

मी हातातल्या टाचण्या मोजू लागले.

त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, माझं लिहिलेलं खोडणार. अण्णांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि सुस्कारा सोडला. सरांनी त्या पांढऱ्यावर, ओट्याच्या रेघेपलीकडं, बारीक अक्षरात लिहिलं: 'या घरात मी राहतो.' आणि खाली सही केली. पूर्ण नावाची.

"आता हा नकाशा तिचा एकटीचा नाही," ते म्हणाले. "खोली घेताना खालच्या वस्तीतल्या कुणाला वर घ्यायचं नाही, ही अट मी मान्य केली होती, अण्णा. तुम्ही घातलीत, पण मान्य मी केली. आईसाठी केली, असं सांगत होतो मी स्वतःला."

अण्णा वळून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. नकाशांपुढून गेले, माझ्यापुढं थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "कुणी काढला?" मी पुढं झाले. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं, मग सरांची सही बघितली. "अक्षर स्वच्छ आहे," एवढंच म्हणाले आणि विज्ञानाच्या टेबलाकडं वळले. कुणी उठून भाषण केलं नाही, कुणी काही फाडलं नाही. तपासणी चांगली झाली, असं हेडमास्तर म्हणाले.

सरांची नेमणूक कायम झाली नाही. सुट्टीनंतर संस्थेच्या आटपाडीच्या शाखेत जायचा हुकूम आला.

सामान न्यायला बैलगाडी अण्णांनीच दिली. गाडीत म्हातारीसाठी गादी अंथरायला माणूसही त्यांनीच लावला. माणसं अशी असतात. माझ्या हिशेबात ती कधी एका बाजूला बसली नाहीत. निघायच्या आधी म्हातारी रिकाम्या खोलीत भिंतीवरून हात फिरवत एकदा पुरी फिरून आली. मी ओट्याखाली उभी होते. आबा माझ्यामागं, पलटणीतला कोट घालून.

सर दारात आले. "आता ये आत," ते म्हणाले. "खोली आता माझी नाही आणि अजून कुणाचीच नाही. कोण अडवतंय?"

मी म्हणाले, "रिकाम्या खोलीत काय यायचं, सर?"

उद्धटपणे म्हणाले नव्हते. मला खरंच तसं वाटलं. सरांनी मान खाली घातली, पुन्हा एकदा 'बरोबर आहे' म्हणाले, आणि साखळी खांद्यावर घेऊन गाडीमागं चालू लागले. आबांनी रस्त्याकडेला उभं राहून सॅल्यूट केला. त्या वर्षीपासून आमच्या शाळेत कलकत्ता नुसतंच कलकत्ता झालं.

मी अकरावी झाले, कराडला कॉलेजात गेले, बी.ए. झाले. आमच्या वस्तीतली पहिली. मुलगे धरूनही पहिली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते मी पाहिलेलं आहे, ऐकलेलं नाही. निकाल लागला तसे आबा म्हणाले, "पयला पेढा गुर्जीस्नी. हुकूम समज."

आटपाडीला दुपारी उतरलो. आमच्या कृष्णाकाठच्या डोळ्यांना तो मुलूख बघवत नाही: माळ, खडक, बाभळी, आणि लांब कुठंतरी मेंढरं. शाळेतल्या शिपायानं घर दाखवलं. गावाबाहेर, दगडी, लहान, एकटंच. दार उघडं होतं.

आबा आणि मी पायरीखाली थांबलो. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपले आपणच थांबले. मी पदवीधर आणि आबा दोन लढाया बघितलेले, पण थांबलो.

आतनं आवाज आला, "कोण हाय?"

मी नाव सांगितलं.

"कोण? ओट्यावरची का तू?"

"व्हय, आजी."

"मग खालनं का बोलतीस? इतं ओटा न्हाई. म्हनूनच घेतलं त्यानं हे घर. ये की आत. आन् संगं कोण हाय, त्यास्नी बी आन."

आम्ही आत गेलो. डोळे सरावल्यावर मला पहिल्यांदा दिसली ती साखळी. मोजणीची तीच लोखंडी साखळी, कमरेच्या उंचीवर भिंतीला खिळे ठोकून बांधलेली. खाटेपासून निघून दाराशी वळून, चुलीकडं, तिथून माठाकडं, पुढं माजघरात गेलेली. तिला धरून म्हातारी चालत आली. कड्या हात लागून लागून गुळगुळीत झाल्या होत्या.

"बापाची हाय," ती म्हणाली. "शाळंत आता सुंभाची दोरी नेतोय. पोरं हसत्यात म्हनं. धर की. धर, तुला घर दावते."

"आजी, मला दिसतंय."

"दिसतंय, पर हात लावलायस का कशाला?"

तिनं माझा हात घेऊन साखळीवर ठेवला. पुढं ती, मागं मी. ही चूल. मी चुलीच्या कडेला हात लावला. हा माठ. माठावरचं झाकण तिनं माझ्याकडून काढवलं. "घे, तुझं तू. बापाला बी दे." मी तांब्या बुडवला. पाणी आत कसं दिसतं ते वाकून बघितलं. आबांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि पाणी पिताना त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

तेवढ्यात दारात उजेड अडला. सर आले होते. केस पांढरे झालेले, खांद्यावर दोरीचं वेटोळं. त्यांनी आबांकडं बघितलं, पेढ्याच्या पुड्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या साखळीकडं. आत पाय टाकला नाही.

"किती झालं बघून?" त्यांनी विचारलं.

"चूल झाली, माठ झाला," मी म्हणाले. "माजघर राहिलंय."

"मग ते बघून घे," सर म्हणाले. "मी थांबतो."

आणि ते आपल्याच घराच्या पायरीखाली उतरून, वहाणा हातात घेऊन, उन्हात उभे राहिले.